डावा हात

बॅरन फॉन डोर्नित्स खुर्ची घेऊन आला, तेव्हा आई माझ्या वडिलांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. खुर्ची अर्थात त्याने स्वतः उचलली नव्हती. दोन नोकर ती धरून जिना चढत होते आणि हा पुढे काठी टेकत त्यांना वाट दाखवत होता. लाल मखमलीची, सोनेरी हातांची ती राजवाड्यातली खुर्ची आमच्या दारातून तिरकी केल्याशिवाय आत येईना. त्याने ती पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवून घेतली, दोन पावलं मागे सरकून न्याहाळली, आणि मग आईकडे न बघता सांगितलं की डचेस हेर्मिने दुपारच्या आत पोहोचतील, तेव्हा बाईंनी कृपा करून खोली मोकळी करावी.

"खोलीत कोण राहणार?" आईने विचारलं.

"फक्त घराण्यातली माणसं."

आईने अभ्र्याची टोकं नीट आत खोचली. वडिलांचं डोकं एका हाताने उचलून उशी खाली सरकवली. मग पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तिचं शिवणाचं लाकडी स्टूल होतं, त्यावर जाऊन बसली आणि वडिलांचा डावा हात तिने हातात घेतला. गेले काही दिवस ती तिथेच बसत होती, तिथेच जेवत होती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला वाटलं, आता रडारड होणार.

माझे वडील रोटेनाखचे ड्यूक होते. ओटोकार त्यांचं नाव. रोटेनाख म्हणजे नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं राज्य. राज्य चिमूटभर आणि रिवाज मात्र खंडीभर. कुणी कुणाच्या किती पावलं मागून चालायचं, कुणाच्या ताटाला चांदीचा चमचा आणि कुणाच्या ताटाला जस्ताचा, सगळं ठरलेलं. बॅरन डोर्नित्स हा या सगळ्या रिवाजांचा रखवालदार. माणूस वाईट नव्हता. त्याला दुसरं काही येत नव्हतं, एवढंच.

वडिलांची दोन लग्नं झाली. पहिलं हेर्मिनेशी. ती एका मोठ्या राजघराण्यातली. दोघांच्या आईबापांनी ठरवलं आणि दोघं बोहल्यावर उभी राहिली. त्या घरांत पसंती विचारायची पद्धत नव्हती. लुडोल्फ जन्मला, गादीला वारस मिळाला, आणि त्यानंतर नवरा एका मजल्यावर, बायको दुसऱ्या मजल्यावर, असं सुरू झालं. काही वर्षांनी घटस्फोट झाला. तिचा डचेसचा मान कुणी काढून घेतला नाही, कारण ती वारसाची आई. ती तळ्याकाठच्या हवेलीत एक पोपट घेऊन राहायला गेली.

दुसरं लग्न माझ्या आईशी, लिनाशी. माझे आजोबा राजवाड्याला हातमोजे पुरवत. त्यांचे डोळे अधू झाल्यावर ड्यूकच्या हाताचं माप घ्यायला आई जायला लागली. कुठल्याच माणसाचे दोन हात सारखे नसतात, म्हणून माप दोन्ही हातांचं घ्यावं लागतं. वडील पुढे गमतीने सांगत की उजव्याचं माप घेईपर्यंत ते शुद्धीवर होते. पण राजाला मोजेवाल्याची मुलगी करता येत नाही. त्यावर आमच्याकडे एक तोडगा होता, त्याला डाव्या हाताचं लग्न म्हणत. चर्चमध्ये नवरा बायकोच्या हातात उजव्याऐवजी डावा हात देतो. लग्न देवासमोर खरं, पण बायकोला मान नाही, मुलांना गादी नाही, आडनावसुद्धा वेगळं. जगात लोक मुली उजवतात. आजोबांनी आपली मुलगी डावी दिली, आणि पुढे ती जन्मभर डावललीच गेली.

वडिलांना ते आवडत नव्हतं, पण ते रिवाजाशी भांडले नाहीत. राजवाड्यातल्या मेजवानीला पंक्तिप्रपंच ठरलेला असे. ते मधोमध, आई पार टोकाला गावच्या दंतवैद्याशेजारी, आणि मी संगीतशिक्षिकेच्या टेबलावर. बिर्केनाऊ गावातल्या आमच्या या घरी आले की मात्र ते आईला शेजारी बसवत आणि जेवताना तिच्या हातातली अंगठी अंगठ्याने फिरवत. अंगठी जराशी सैल होती, निळ्या खड्याची. खडा आत, मग खडा बाहेर. बोलत असत वेगळंच काही, घोड्याच्या नालाबद्दल नाहीतर माझ्या फ्रेंचबद्दल, आणि हात आपला ते काम करत राही. लहानपणी मला वाटे, सगळ्यांचे वडील जेवताना हेच करतात.

अर्धांगाचा झटका आला तो याच घरात. उजवी बाजू पूर्ण गेली. पहिल्या दिवशी जीभ थोडी वळत होती, तेव्हा ते आईला म्हणाले होते, "लिना, सोडू नकोस." आईने शब्द दिला होता. त्यानंतर वाचा गेली, मग डोळे उघडेनासे झाले. डॉक्टर हाफनर म्हणाले की डाव्या हाताला अजून जाण आहे, तेवढीच काय ती शिल्लक.

तर त्या सकाळी मला वाटलं होतं तशी रडारड झाली नाही. आई अगदी सौम्य आवाजात बोलली.

"बॅरन, माझ्या लग्नाला साक्षीदार तुम्हीच होतात. मला कुठला हात दिला होता?"

"डावा."

"उजव्यावर मी कधी हक्क सांगितला नाही. आजही सांगत नाही. पण हा मला तुमच्या पाद्र्याने, तुमच्यासमोर दिलाय. तो सोडायला लावणारा रिवाज असेल तर दाखवा, मी उठते."

बॅरनने काठी या हातातून त्या हातात घेतली. तो खरोखर विचार करत होता. तीस-चाळीस वर्षांची लग्नं, बारशी, अंत्यविधी त्याच्या डोक्यातून जात असावेत. त्यात त्याला कुठे काही सापडलं नाही. शेवटी तो मान डोलवून म्हणाला, "डावा हात बाईंचा आहे, हे खरं." आणि नोकरांना सांगून त्याने स्टूल भिंतीकडे आणखी थोडं सरकवून घेतलं, म्हणजे दारातून येणाऱ्याला आई दिसू नये.

जाताना त्याने मला बाजूला घेऊन एक बजावलं. ड्यूकचा उजवा हात लुळा पडलाय हे बाहेर कुणाला कळलेलं नव्हतं. हुकमांवर सही करणारा हात तो. लुडोल्फ पलटणीतून येऊन पोहोचेपर्यंत ते कळायलाही नको होतं, आणि बर्फाने त्याची वाट अडवली होती. डचेसलाही फक्त "अत्यवस्थ" एवढंच कळवलं होतं. तेव्हा मी तोंड मिटून राहावं.

मला तोंड मिटून राहायला काहीच अडचण नव्हती. त्या बाईशी बोलायचं होतं कुणाला? आई तिचा उल्लेख नेहमी "त्या" असा करायची. मी "ती" म्हणत असे, आणि तेही आई समोर नसली तर बरंच काही जोडून.

ती आली. उंच, किडकिडीत, काळं रेशीम ल्यालेली, अंगाला कापराचा वास. त्या काळी घागरा फुगवायला आत तारांचा पिंजरा बांधत, क्रिनोलिन. तिचं क्रिनोलिन एवढं रुंद होतं की आमच्या दारात ती जरा अडकलीच. मला हसू आलं, ते मी गिळलं. तिने आईकडे पाहून मान किंचित लववली. आई उठून उभी राहिली, पण वडिलांचा हात तिने सोडला नाही, त्यामुळे तिला वाकूनच उभं राहावं लागलं. मग डचेस मखमली खुर्चीवर बसली, राखाडी हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि तिने वडिलांचा उजवा हात हातात घेतला. आईची नजर मोज्यांच्या शिवणीवर गेलेली मी पाहिली. ते आजोबांच्या दुकानातले होते.

बॅरन दाराबाहेर जाऊन उभा राहिला. आत आम्ही तिघी, आणि मधे ते.

दुपार सरेना. बाहेर बर्फ पडायचं थांबलं होतं आणि खोलीत एक फिकट उजेड आला होता. आईला बोलायची गरजच नव्हती, मधूनच वडिलांचा अंगठा तिच्या अंगठीवर फिरे. दमादमाने फिरे, पण फिरे. पलीकडे डचेसने मात्र हळूहळू बोलायला सुरुवात केली. ती उजव्या हाताकडे वाकून, त्या हातालाच सांगावं तशी बोलत होती. मी शेगडीत लाकूड घालायला गेले तेव्हा ऐकू आलं. तळं यंदा लवकर गोठलं. हंसांना गोठ्यात आणून ठेवलंय. म्हातारा माळी गेला, त्याचा मुलगा चांगला निघाला. तुम्ही लावलेल्या नासपतीला दर वर्षी फळ धरतं, पण ते मी कुणाला तोडू देत नाही. पोपट अजून तुमच्यासारखा खोकतो.

मला वाटलं होतं, ती हिशेब मागायला आली असेल, निदान टोमणे मारायला. ही तर घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगत होती. कामाला बाहेरगावी गेलेला नवरा परत आल्यावर बायको सांगते तशा. इतकी वर्षं तिच्याकडे हे सगळं साठलं होतं आणि सांगायला मिळाला होता तो हा हात. मधेच ती थांबे, बोटं जराशी दाबे, वाट बघे. हात कोमट होता, दिसायला जसाच्या तसा होता. मग ती पुन्हा बोलायला लागे. मी शेगडीजवळून उठले ती सरळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला तिच्याकडे बघवेना.

मी कॉफी आणून दिली तेव्हा तिने कप घेतला नाही. माझ्याकडे मान वर करून पाहिलं. माझं नाव तिला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"टेक्ला," ती म्हणाली, "त्यांना माझा हात कळतोय का गं?"

मी आईकडे पाहिलं. पलंगापलीकडून आईही माझ्याकडेच बघत होती. बॅरनचं बजावणं तिलाही माहीत होतं. शिवाय काही न बोलता गप्प बसली असती तर आईचं काहीच बिघडत नव्हतं. उलट सगळं तिच्याकडेच राहणार होतं.

"राणीसाहेब," आई म्हणाली, "तो हात गेलाय. पहिल्या दिवशीच. त्याला काही कळत नाही."

डचेस हातातल्या हाताकडे बघत राहिली. "म्हणजे मी इतका वेळ..."

"हो."

ती माझ्या हातातला कॉफीचा कप बघायला लागली. आई उठली. वडिलांच्या बोटांतून तिने आपली बोटं एकेक करून सोडवली आणि ती भिंतीला पाठ घासत बाहेर आली.

"इकडे या बसायला. थोडा वेळ बसा. याला कळतं."

मी "आई" म्हणाले असेन, कारण तिने मला नजरेने गप्प केलं. तिने दिलेला शब्द मला आठवत होता. तिला आठवत नसेल असं कसं म्हणू?

डचेस उठली, पलंगाला वळसा घालून त्या फटीपाशी गेली आणि तिथेच थांबली. क्रिनोलिन आत जाईना. तिने आडवं होऊन पाहिलं, एका बाजूने दाबून पाहिलं, तर दुसऱ्या बाजूने ते वर आलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. मग ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "नाड्या सोड."

आमच्या राज्यात डचेसचा घोटाही कुणी बघितला नव्हता. मी गुडघ्यावर बसून कमरेच्या नाड्या सोडल्या. पिंजरा खाली बसला आणि त्या त्यातून बाहेर आल्या. वरचं रेशीम एकदम पडलं, जमिनीवर लोळायला लागलं, आणि आत जेमतेम आईएवढी एक बाई उरली. त्या दिवसापासून मी त्यांना "त्या" म्हणते. दोन्ही हातांनी घागरा गोळा करून त्या फटीत शिरल्या आणि आईच्या स्टुलावर बसल्या. आई उजवीकडे, मखमली खुर्चीवर बसली. जन्मात पहिल्यांदा ती वडिलांच्या उजव्या हाताला बसली होती.

वडिलांच्या डाव्या हाताने डचेसचा हात धरला. सांगायचं होतं ते सगळं भलत्याच हातापाशी सांगून झालं होतं. अंगठा हलला. बोटाच्या मुळाशी गेला, थांबला, पुढच्या बोटावर गेला, पुन्हा मागे आला. घटस्फोट झाल्यावर डचेसनी अंगठी काढून टाकली होती. बोट रिकामं होतं.

"ते काहीतरी शोधताहेत," त्या म्हणाल्या. आणि मग आईकडे पाहत, घाईने, "लिना, तुम्ही या. हे माझं नाही."

आई उठली. पलंगाला वळसा घालून निघाली, तर वाटेत तो पिंजरा. तिचा पाय तारांत अडकला. मी धावले, पिंजरा ओढून बाजूला केला, आणि वर पाहिलं तर डचेस हलत नव्हत्या. वडिलांचा अंगठा त्यांच्या बोटावर तसाच टेकला होता, आता फिरत नव्हता.

आईने विचारलं नाही. ती फटीच्या तोंडाशी उभी राहिली, दोन्ही हात खाली सोडून. इतके दिवस तो एक हात धरून ती बसली होती, आणि त्याच्यापासून चार हातांवर ती उभी होती. मी आयुष्यात पुष्कळ माणसं एकटी पाहिली, स्वतः एकटी राहिले, पण इतकं एकटं कुणी पाहिलं नाही.

डचेसनी वडिलांचा हात पांघरुणावर ठेवला. भिंतीला धरत त्या बाहेर आल्या आणि आईसमोर उभ्या राहिल्या. आईचा हात त्यांनी हातात घेतला. अंगठीवर अंगठा ठेवला आणि अंगठी फिरवली. निळा खडा आत गेला.

"असं करायचं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "फिरवायला काही मिळालं नाही."

आई हात पुढे धरून तशीच उभी होती. त्यांना कळेना की आता काय. मी बघत होते, मला माहीत होतं.

"आणि परत," आई म्हणाली.

डचेसनी खडा पुन्हा बाहेर आणला. तेव्हा आई रडली.

त्या आवाजाने बॅरन आत आला. समोर डचेस क्रिनोलिनशिवाय उभ्या, जमिनीवर पिंजरा, मखमली खुर्ची रिकामी. त्याने ताबडतोब पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं, की जाहीरनाम्यासाठी माहिती हवी होती. ड्यूक गेले तेव्हा त्यांचा हात डचेसच्या हातात होता ना?

"हो," त्या म्हणाल्या. "डावा."

बॅरनने ते जाहीर केलं नाही. नुसतं "हात" म्हटलं. अंत्ययात्रेत शवपेटीमागे लुडोल्फ आणि डचेस चालले. आई आणि मी गावातल्या बायकांत, मोजेवाल्यांच्या रांगेत उभ्या होतो. शवपेटी समोरून गेली तेव्हा टोप्या उतरल्या, बायका वाकल्या, आम्हीही वाकलो.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी आमच्या दारात एक भाड्याची गाडी थांबली. डचेस आल्या, साध्या लोकरी घागऱ्यात. कॉफी झाली, आलुबुखाराचा केक झाला, हंसांची आणि पोपटाची खुशाली झाली. वडिलांचं नाव कुणी काढलं नाही. उठताना त्यांनी आईचा हात घेतला, खडा आत केला, बाहेर केला, आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यानंतर दर वर्षी हेच. लुडोल्फला ते पसंत नव्हतं म्हणे. माझं लग्न झालं, मोडलं, मी घरी परत आले, तरी ती गाडी चुकली नाही. एकदा त्या तापात होत्या, तरी शाल गुंडाळून आल्या, केकला शिवल्या नाहीत, तेवढं काम करून गेल्या.

मग एका हिवाळ्यात त्या वारल्या. आम्हाला बोलावणं येणार नव्हतंच. घराण्याच्या तळघरात त्यांना वडिलांच्या उजव्या बाजूला ठेवलं असं कानावर आलं. डावीकडे भिंत आहे.

त्या वर्षी तो दिवस आला तेव्हा आईने सवयीने तीन कप मांडले. आम्ही दोघी बसलो. कॉफी निवत गेली. रस्त्यावरून एक गाडी गेली, थांबली नाही. आईचा हात टेबलावर होता, बोटं आता पार वाळलेली, अंगठी सुटून पडेल इतकी सैल. मला राहवलं नाही. मी तो हात घेतला. अंगठ्याने खडा आत केला, आणि मग परत बाहेर आणला. अगदी बरोबर, लहानपणापासून पाहिलं होतं तसं.

आईने हात हळूच काढून घेतला. रागाने नाही.

"राहू दे, टेक्ला," ती म्हणाली. "तुला नाही यायचं ते."

आणि तिसरा कप तिने कपाटात ठेवून दिला.